पोटातली भट्टी आणि उलटं वाहणारं पाणी

प्रश्न : मोबाइलवर एका शिबिराची जाहिरात सारखी येते. ‘ताओ पंथाची गुप्त किमया, शरीरातच अमृतगोळी तयार करा’ असा मथळा, आणि खाली भट्टी, शिसं, पारा, ड्रॅगन, वाघ यांची चित्रं. हा धातू खाण्याचा प्रकार आहे, ध्यानाचा आहे, की सरळसरळ बनवाबनवी? चीनमध्ये असं खरंच काही होतं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होतं, आणि आजही आहे. मात्र त्यात तोंडात घालायचं काहीच नसतं हे आधी सांगून टाकतो, कारण जाहिरातवाले उद्या पुड्याही विकायला काढतील. तुम्ही विचारताय त्या साधनेला चीनमध्ये ‘नेइदान’ म्हणतात, म्हणजे आतली किमया. ‘आतली’ असं मुद्दाम सांगावं लागलं, कारण तिच्याआधी जवळजवळ हजार वर्षं बाहेरची किमया, ‘वाइदान’, जोरात होती. ती मात्र खरोखरीच्या धातूंची आणि खरोखरीच्या भट्टीची.

त्या बाहेरच्या किमयेत पहिला मान हिंगुळाचा. लालभडक खनिज, तापवलं की त्यातून चकाकता पारा सुटतो, आणि तोच पारा गंधकाबरोबर घोटून पुन्हा आचेवर चढवला की फिरून लाल हिंगूळ. आपल्या रसशास्त्राच्या वैद्यांना यात नवल वाटायचं नाही. कज्जली आणि रससिंदूर याच वाटेवर लागतात. चिनी किमयागारांनी मात्र त्यातून मोठा निष्कर्ष काढला. झाडपाला जळला की राख होते, राखेचा पुन्हा पाला होत नाही. हिंगूळ आगीतून जातो आणि परत हिंगूळ होऊन येतो. परतीची वाट ठाऊक असलेलं असं द्रव्य पोटात गेलं, तर माणसालाही ती वाट सापडेल! गे होंग (२८३–३४३) या विद्वानाने ‘बाओपूत्झू’ या ग्रंथात हे सगळं पद्धतशीर मांडलं. जडीबुटीने आयुष्य वाढेल, पण अमर व्हायचं तर सोनं आणि हिंगूळच, असं त्याचं ठाम मत. कृती हाती येऊन वीस वर्षांवर काळ लोटला, पण सामान आणायला पैसे नाहीत, अशी कुरकुरही त्याने त्याच ग्रंथात केली आहे. गरिबीने त्याला वाचवलं असं म्हणायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे पैसे होते ते वाचले नाहीत. थांग घराण्याचे मूत्सोंग, वूत्सोंग आणि श्वानत्सोंग हे बादशहा अनुक्रमे ८२४, ८४६ आणि ८५९ साली वारले, आणि तिघांच्याही मृत्यूचं खापर इतिहासकार अशाच गोळ्यांवर फोडतात. पारा, शिसं, सोमल पोटात गेल्यावर दुसरं काय व्हायचं? जाता जाता एक गोष्ट : गंधक, मनशीळ आणि सोरा मधाबरोबर तापवताना दाढ्या होरपळल्या, घरं जळली, तेव्हा हे करू नका, अशी ताकीद एका जुन्या ताओ ग्रंथात आहे. बंदुकीच्या दारूचा शोध लागला तो असा, चिरंजीव होण्याच्या खटपटीत.

आता ‘बादशहा मेले, लोक शहाणे झाले आणि किमया पोटात शिरली’ असं सांगून मोकळं व्हायचा मोह होतो. बऱ्याच पुस्तकांत तसंच लिहिलेलं असतं. मला ते अपुरं वाटतं. डोळे मिटून शरीराच्या आतल्या देवता पाहायच्या, श्वास खाली उतरवायचा, पोटात उजेड साठवायचा, या ध्यानाच्या पद्धती चौथ्या शतकापासून तरी ताओ पंथात रुळलेल्या होत्या. दुसरीकडे ‘त्सानथोंग ची’ नावाचा एक भलताच गूढ ग्रंथ होता. तो परंपरेने दुसऱ्या शतकातल्या वेइ बोयांगच्या नावावर आहे. त्यात शिसं आणि पारा हे दोनच पदार्थ, आणि त्यांच्याभोवती ‘यी चिंग’ या शकुनग्रंथातल्या रेषाकृती, चंद्राच्या कला, बारा महिने असा विश्वाचा अख्खा पसारा. भट्टीवाल्याने वाचला तर त्याला पाककृती वाटेल, ध्यानवाल्याने वाचला तर ध्यानाचा नकाशा. हे दोन प्रवाह मिसळले आणि थांग काळाच्या शेवटी-शेवटी आतली किमया आकाराला आली. भट्टीची परिभाषा राहिली, भट्टी गेली.

ती पूर्ण रूपात दिसते झांग बोदुआनच्या ‘वूझेन प्येन’मध्ये, साल १०७५. हा माणूस झेज्यांग प्रांतातल्या थ्येनथायचा, सरकारी नोकरीतला. प्रस्तावनेत तो आपल्या वाचनाची यादी देतो : बौद्ध, ताओ आणि कन्फ्यूशियसची शिकवण, कायदा, गणित, वैद्यक, युद्धशास्त्र, ज्योतिष. सगळं वाचलं आणि समाधान झालं नाही. उतारवयात, १०६९ साली, छेंगदू शहरात त्याला कुणी गुरू भेटला आणि गुंता सुटला. त्यानंतर त्याने ही पद्यं लिहिली. त्यांतली ६४ चौपद्या ‘यी चिंग’च्या ६४ आकृत्यांच्या हिशेबाने. धातू शिजवणारे, पाला उकळणारे, अन्न सोडून बसणारे, नुसता श्वास कोंडणारे, या सगळ्यांची तो त्यात यथेच्छ टर उडवतो.

मग त्याचं शिसं कुठलं आणि पारा कुठला? इथे थोडं सावकाश जाऊ, कारण सगळी किल्ली यातच आहे.

चिनी विचारात माणसाचं हृदय अग्नीचं स्थान आणि मूत्रपिंडं पाण्याचं. आग वर चढते, पाणी खाली उतरतं, हा त्यांचा स्वभाव. माणसाच्या बाबतीत याचा अर्थ असा की लक्ष डोळ्यांवाटे, कानांवाटे, इच्छांवाटे वर आणि बाहेर उडून जातं, आणि शरीराचं सत्त्व खाली झिरपत संपत जातं. चूल वर आणि हंडा खाली ठेवला तर आग वरच्या वर जळून जाईल, पाणी थंडच राहील, तसला हा संसार. साधना म्हणजे मांडणी उलटी करायची : अग्नी पाण्याखाली आणायचा. म्हणजे हृदयातलं अवधान खाली, बेंबीच्या खालच्या भागात, उतरवायचं. या जागेला ‘दानत्येन’ म्हणतात, गोळीचं शेत. तिथे लक्ष टिकलं की खालचं पाणी तापतं, वाफ धरतं आणि वर चढू लागतं.

हाच विचार ते रेषांनी मांडतात. पाण्याच्या आकृतीत वर-खाली तुटक रेघा आणि मधे एक अखंड रेघ. अग्नीच्या आकृतीत वर-खाली अखंड आणि मधे तुटक. पाण्याच्या पोटातली ती अखंड रेघ म्हणजे ‘खरं शिसं’, अग्नीच्या पोटातली तुटक रेघ म्हणजे ‘खरा पारा’. पाण्यातली अखंड रेघ उचलून अग्नीच्या मधल्या जागी बसवली की तीनही रेघा अखंड होतात. ती आकृती आकाशाची, जन्माला येण्याआधीच्या, फूट न पडलेल्या अवस्थेची. विश्व एकातून दोन, दोनांतून तीन आणि तीनांतून सगळा पसारा असं उतरत आलं. साधक त्याच पायऱ्या उलट्या चढतो. मला या परंपरेत सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. इथे कमवायचं काही नाही, शक्ती मिळवायची नाही. जन्मल्यापासून जे वाहून चाललंय त्याचं तोंड फिरवायचं आहे.

तुमच्या जाहिरातीतला ड्रॅगन म्हणजे हा पारा आणि वाघ म्हणजे हे शिसं. एक अग्नीतून निघतो, दुसरा पाण्यातून, आणि दोघांचं लग्न लावायचं असतं. त्यासाठी मध्यस्थ लागतो, तर तीही तयार : ‘पिवळी म्हातारी’. पिवळा रंग मातीचा, माती मध्यभागी, आणि माणसातला मध्य म्हणजे हेतू, लक्ष धरून ठेवणारं मन. ते डगमगलं की लग्न मोडलं. एवढ्या गंभीर शास्त्रात लग्न जुळवणारी म्हातारी घालणारे लोक मला आवडतात.

हे सगळं एका चित्रात पाहायचं असेल तर बीजिंगच्या बाययुन ग्वान, म्हणजे पांढऱ्या ढगांच्या मंदिरातला एक शिलालेख पाहावा. १८८६ साली ल्यू छेंगयिन नावाच्या साधूने तो कोरवून घेतला. डोंगरावरच्या एका अभ्यासिकेत भिंतीवर मूळ चित्र टांगलेलं दिसलं आणि त्याने ते उतरवून घेतलं, असं त्याने त्यावरच लिहून ठेवलंय. लांबून पाहिलं तर हा एखादा निसर्गदेखावा वाटतो. डोंगर, ओढा, झाडं. जवळ गेलं की लक्षात येतं, बैठक मारलेल्या माणसाची ही बाजूने दिसणारी आकृती आहे. डोक्याच्या जागी डोंगरांची शिखरं. पाठीचा कणा म्हणजे खडकाळ चढण, मधे मधे नाक्यांसारखी तीन दारं. गळ्याच्या जागी बारा मजली मनोरा. अगदी तळाशी, जिथे कणा संपतो तिथे, एक मुलगा आणि एक मुलगी पायरहाट चालवताहेत. त्यांच्या पायांनी चाक फिरतं आणि पाणी खाली जायचं सोडून कण्याच्या वाटेने वर चढतं. त्यांच्या वर एक शेतकरी बैलाने जमीन नांगरतोय. लेख सांगतो की बैल लोखंडाचा आणि पेरायची आहेत सोन्याची नाणी. मूत्रपिंडांच्या जागी एक बाई चरख्यावर सूत काढते आहे. हृदयात एक पोरगा नाणी ओवून सप्तर्षींची आकृती करतोय. ही जोडी चिनी लोककथेतली, आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट झालेली विणकरीण आणि गुराखी. शीर्षभागी पांढऱ्या भुवयांचा म्हातारा बसलाय, तो लाओत्झू. आणि त्याच्या खाली हात वर करून उभा असलेला परदेशी भिक्षू म्हणजे बोधिधर्म, परंपरेनुसार आपल्या दक्षिणेकडून गेलेला. एकाच कवटीत ताओचा मूळपुरुष आणि बौद्ध भिक्षू, कुणाची तक्रार नाही.

प्रत्यक्ष साधनेचे टप्पे ग्रंथ असे सांगतात : आधी पाया भरायचा, म्हणजे झोप, आहार, वासना, राग ताळ्यावर आणून झिजलेलं सत्त्व भरून काढायचं. मग सत्त्वाचं प्राणात, प्राणाचं चैतन्यात रूपांतर, आणि शेवटी चैतन्य शून्यात परत. पहिल्या रूपांतराला शंभर दिवस, दुसऱ्याला दहा महिने, शेवटच्याला नऊ वर्षं. दहा महिने हा हिशेब गर्भाचा आहे, कारण दुसऱ्या रूपांतरात पोटात ‘अमर गर्भ’ वाढतो असं म्हणतात. १६१५ साली छापलेल्या ‘शिंगमिंग ग्वेइझी’ या ग्रंथातल्या ठोकळाचित्रांत साधकाच्या टाळूतून लहानसं मूल बाहेर पडताना दाखवलंय. हे आकडे कॅलेंडरवर खुणा करत पाळायचे नसतात. ‘शंभर दिवसांत गॅरंटी’ असं कुणी म्हणालं तर समजावं, ग्रंथ वाचलेला नाही.

आणि हे शब्दशः घ्यायचं का, यावर परंपरेतच भांडणं आहेत. काहींच्या मते दानत्येन बेंबीखाली अमुक बोटांवर आहे, मोजून घ्या. गान्सू प्रांतातला ल्यू यीमिंग (१७३४–१८२१) हा मोठा टीकाकार मात्र म्हणतो की शिसं, पारा, भट्टी यांना शरीरात जागा शोधणं हाच वेडेपणा. ही सगळी मनाच्या गुणांची नावं आहेत. काही शाखांनी ‘यिन-यांग’चा अर्थ स्त्री-पुरुष संबंध असाही लावला, त्यावर बाकीच्यांनी कडक टीका केली. जाहिरातीत यातलं नेमकं काय विकताहेत, ते त्यांनाच विचारा.

प्रश्न : वर्णनावरून ही आपली कुंडलिनीच वाटते. नाथपंथाने चीनला दिली की चीनने आपल्याला?
– निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सर, साम्य डोळ्यांत भरण्यासारखं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. कण्यातून वर चढणारी शक्ती, खाली झिरपणारा रस वर वळवणं, देह नव्याने घडणं, हे दोन्हीकडे आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली ज्याला पंथराज म्हणतात त्या वाटेचं वर्णन आठवा : जागी झालेली कुंडलिनी देहातलं सगळं खाऊन टाकते आणि मग कांती नव्याने झळकते. ज्ञानेश्वरी १२९० सालची. म्हणजे झांग बोदुआनचा ग्रंथ तिच्याआधी दोनशेहून थोडी अधिक वर्षं. रसविद्येतही दोन्हीकडे पाराच मध्यभागी, आणि तमिळ सिद्धांमधल्या बोगर यांच्याबद्दल चीनशी नातं सांगणाऱ्या कथा आहेतच.

फरकही तेवढेच ठळक आहेत. कुंडलिनी चढते आणि सहस्रारात विलीन होते. चिनी प्रवाह पाठीच्या वाटेने चढून डोक्यावरून पुढच्या बाजूने परत खाली पोटात उतरतो आणि पुन्हा चढतो. ते वर्तुळ आहे, मुक्कामाची जागा पोट. सर्पिणी नाही, सात चक्रं नाहीत, बीजमंत्र नाहीत. उलट पाच महाभूतांऐवजी पाच ‘अवस्था’, त्यांना जोडलेले अवयव, ऋतू, दिशा. आणि गर्भ! आपल्या हठयोगात साधकाच्या पोटात दहा महिने वाढणारं मूल मला कुठे आढळलं नाही.

देवाणघेवाणीच्या वाटा होत्या, हे नक्की. कामरूपच्या राजाने मागणी केली म्हणून सम्राट थाईत्सोंगने ६४७ साली ‘ताओ ते चिंग’ हा ताओ पंथाचा मूळ ग्रंथ संस्कृतात आणायचं काम ह्युएनत्संगवर सोपवलं होतं. ताओ पंडितांशी शब्दाशब्दावर त्याचे वाद झाल्याची नोंद आहे. बौद्ध भिक्षू तर शतकानुशतकं ये-जा करत होते. पण ‘कुणी कुणाला दिली’ याचा निवाडा करणारा एकही पुरावा पुढे आलेला नाही, आणि हा प्रश्न विचारताना आपल्याला बहुधा उत्तर आधीच हवं असतं.

प्रश्न : कुणी खरंच अमर झालं का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : हाच प्रश्न चंगीझखानाने विचारला होता, आणि तोही समोर बसवून.

उत्तर चीनमध्ये वांग छोंगयांग (१११३–११७०) नावाच्या एका साधूने ‘छ्वानझेन’, म्हणजे संपूर्ण सत्याचा पंथ काढला. हा माणूस स्वतःची कबर खोदून काही वर्षं तिच्यात राहिला होता. तिला त्याने ‘जिवंत मेलेल्याची कबर’ असं नाव दिलं होतं. त्याच्या सात प्रमुख शिष्यांपैकी एक छ्यू छूजी (११४८–१२२७). मध्य आशियाच्या स्वारीवर असलेल्या खानाच्या कानावर आलं की शानदोंगमधला हा साधू तीनशे वर्षांचा आहे आणि त्याच्याकडे अमर होण्याचं औषध आहे. बोलावणं गेलं. छ्यू तेव्हा सत्तरी ओलांडलेला. १२२० साली निघाला, मंगोलियाची पठारं, अल्ताई, समरकंद असं करत १२२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी हिंदुकुश ओलांडून खानाच्या छावणीत पोचला. बरोबरच्या ली झीछांग या शिष्याने प्रवासाचं टिपण ठेवलं, म्हणून आपल्याला हे सगळं माहीत आहे.

खानाने पहिलाच प्रश्न केला : एवढ्या लांबून आलास, तर चिरंजीव होण्याचं काय औषध आणलंस? छ्यूने सांगितलं की आयुष्य जपण्याचे उपाय आहेत, अमर करणारं औषध नाही. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाला, ज्याने त्यासाठीच दोन वर्षांचा प्रवास करायला लावला, त्याला हे तोंडावर सांगायचं म्हणजे कमाल आहे. खान चिडला नाही, उलट त्याचा प्रामाणिकपणा त्याला आवडला. पुढच्या बैठकांत छ्यूने सांगितलं ते असं : शिकार कमी कर, एकटा झोपत जा, माणसं मारू नकोस. खानाने किती ऐकलं ते इतिहास जाणतोच. पण पंथाच्या साधूंना करमाफीचं फर्मान मिळालं आणि छ्वानझेन पंथ उत्तर चीनभर पसरला. छ्यू बीजिंगला परतला, १२२७ साली वारला. त्याच वर्षी चंगीझखानही. छ्यूच्या अस्थी जिथे ठेवल्या ते स्थान म्हणजे मघाशी सांगितलेलं बाययुन ग्वान.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो तुम्ही विचारला नाहीत पण विचारायला हवा होता : मग ‘अमर’ म्हणजे काय? इथे दोन शब्दांची जोडी येते. ‘मिंग’ म्हणजे देहाचं आयुष्य, प्राण. ‘शिंग’ म्हणजे मूळ स्वभाव, मनाचं निखळ रूप. दोन्हींची साधना हवी, यावर सगळ्यांचं एकमत. आधी कुणाची, यावर नाही. झांग बोदुआनच्या दक्षिणी परंपरेत आधी देह आणि प्राण, मग स्वभाव. छ्यू आणि वांगच्या उत्तरेकडच्या परंपरेत आधी मन निवळ करा, बाकी मागोमाग येईल. नुसता देह कमावला तर तो हजार वर्षं टिकलेला मूर्ख, आणि नुसतं मन धरलं तर पाया नसलेलं घर, असे टोमणे दोन्ही बाजूंनी मारले जात. आयुर्मान वाढवून देतो म्हणणाऱ्याने यातली अर्धीच बाजू उचललेली असते.

प्रश्न : घरी, संसार सांभाळून हे करता येईल का?
– गृहस्थ, नाशिक

उत्तर : स्वस्थ बसणं, श्वास मोकळा सोडणं, लक्ष बेंबीखाली सैल ठेवणं, वेळेवर झोपणं, एवढ्याला कुणाची परवानगी लागत नाही. त्यापुढे पुस्तकावरून जाऊ नका. हे ग्रंथ मुद्दाम अर्धवट लिहिलेले असतात; आच कधी वाढवायची, कधी कमी करायची हा भाग, ज्याला ते ‘हुओहोऊ’ म्हणतात, गुरूच्या तोंडून मिळायचा. जोर लावून प्राण कण्यातून ढकलायचा प्रयत्न केला की डोकं गरगरणं, झोप उडणं, भास होणं असे प्रकार होतात. चीनमध्ये १९८० च्या दशकात छीगोंग या श्वासाच्या व्यायामाची लाट आली तेव्हा असे इतके रुग्ण दिसले की १९९४ सालच्या अमेरिकी मनोविकार-सूचीच्या (डीएसएम-चार) परिशिष्टात त्याची स्वतंत्र नोंद झाली. घरात कुणाला मानसिक आजाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नकोच.

छीगोंग आणि ही किमया एक नव्हेत, हेही लगेच सांगतो. १९५० च्या दशकात सरकारी आरोग्यधामांत जुन्या श्वाससाधनांतून धर्माचा भाग वजा करून व्यायामपद्धती बसवण्यात आली, तिला हे नाव रूढ झालं. तब्येतीसाठी उत्तम. त्याआधी १९३० च्या दशकात शांघायमध्ये छेन यिंगनिंग (१८८०–१९६९) हे गृहस्थ नियतकालिक काढून वाचकांच्या शंकांना छापील उत्तरं देत असत. तरुणपणी क्षयाने गाठल्यामुळे ते या वाटेला लागले होते. तेव्हा या स्तंभाला जुनी परंपरा आहे असं समजा.

प्रश्न : सगळे साधूच दिसतात. बायकांना यात जागा होती का?
– वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : होती, आणि नावानिशी. वांग छोंगयांगच्या सात शिष्यांत सुन बूअर (१११९–११८२) ही एक बाई. तिचा नवरा मा यू हाही त्या सातांतलाच. घरचं चांगलं होतं, तीन मुलगे होते. आधी नवरा निघाला, काही काळाने तीही निघाली. ल्वोयांगला गेली आणि तिथेच तिचा अंत झाला. तिच्या नावावर किमयेची पद्यं आहेत, ती बरीच नंतरची असावीत.

‘न्यूदान’ म्हणजे स्त्रियांची किमया ही वेगळी शाखा म्हणून ग्रंथांत आली ती सतराव्या-अठराव्या शतकापासून. पुरुषाने पोटाच्या खालच्या भागापासून सुरुवात करायची, तर बाईने छातीपासून. पुरुषाचं सत्त्व वीर्यात, बाईचं रक्तात. म्हणून तिच्या साधनेतली पहिली मोठी पायरी ‘लाल ड्रॅगन मारणं’, म्हणजे मासिक पाळी थांबणं. स्तन चोळणं, श्वास, ध्यान असा क्रम सांगितलेला असतो. आजच्या वैद्यकाला यात आक्षेप घ्यायला पुष्कळ जागा आहे आणि तो घ्यावाच. पण काही ग्रंथ असंही बजावतात की एकदा ही पायरी ओलांडली की बाई पुरुषापेक्षा लवकर पुढे जाते.

या ग्रंथांचा मोठा संग्रह, ‘न्यूदान हेब्येन’, १९०६ साली छेंगदूच्या अरश्येन आन मंदिराच्या वर्तुळातून हे लोंगश्यांग यांनी काढला. त्यांची कळकळ खरी होती. बायकांना कुणी नीट शिकवत नाही हे त्यांना खुपत होतं. पण त्यामागे दुसरी काळजीही होती : बायका देवदर्शनाच्या, जत्रांच्या निमित्ताने घराबाहेर पडतात, पुरुषांत मिसळतात, ते बंद व्हावं. साधना हातात पुस्तक घेऊन घरीच करावी.